जातिलुविह : पाण्याच्या वाटेनं

काळोख आहे. गुडघाभर गार पाणी, मान ताठ करता येणार नाही इतकं खाली छत. छिन्नी बसली की दगडाचा भुगा होऊन पाण्यात पडतो. ज्वालामुखीची राख दाबली जाऊन झालेला हा दगड लोखंडाला दाद देतो. म्हणून तर डोंगराच्या पोटातून पाणी न्यायचं धाडस या लोकांनी केलं. तुम्ही बाली बेटावर आहात आणि आजूबाजूचे कारागीर पिढीजात बोगदे खणणारे आहेत.

बाहेर उजेडात आलात की साल शके ८१८. घरच्या पंचांगावर जो शक छापलेला असतो तोच इथल्या लेखांवरही कोरलेला असतो. इसवी सनाचा हिशेब केला तर ८९६. उत्तर बालीतल्या बेबेतिनच्या लेखात याच वर्षी बोगदे खणणाऱ्या कारागिरांचा उल्लेख आला आहे. म्हणजे तेव्हाच हा एक वेगळा, नावाजलेला धंदा होता.

बोगदे का, ते खाली नदीकडे पाहिलं की कळतं. इथल्या नद्या खोल घळींतून वाहतात. शेत वर, पाणी खाली. पाणी उचलायचं साधन नाही, म्हणून दूर डोंगरात वर जाऊन बंधारा घालायचा आणि तिथून पाट, बोगदा, पुन्हा पाट असं करत ते शेताच्या उंचीवर आणायचं. एका माणसाचं हे काम नाही, एका गावाचंही नाही. बंधारा एकाच्या हद्दीत, बोगदा दुसऱ्याच्या टेकडीखालून, शेत तिसऱ्याचं. या तिघांनी एकत्र बसून काही ठरवल्याशिवाय एक ओंजळ पाणीही खाचरात पडत नाही. जे एकत्र बसले त्यांच्या संघाला पुढे सुबाक म्हणू लागले. इसवी सन १०७१च्या सुमारास, अनाक वुंग्सू राजाच्या काळात, हा शब्द लेखांत दिसू लागतो.

आता दक्षिणेकडे चला. समोर २,२७६ मीटर उंचीचा बातुकारू पर्वत आहे, ढगात डोकं खुपसून बसलेला. त्याच्या दक्षिण उतारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटरवर, तबानान जिल्ह्याच्या पनेबेल तालुक्यात जातिलुविह हे गाव आहे. कुणीतरी या गावची माहितीपत्रिका तुमच्या हातात ठेवली असेल: तीनशे हेक्टरांवर पसरलेली भाताची खाचरं, देनपासारपासून सुमारे ४८ किलोमीटर, गुंतवणुकीला वाव. आकडे खरे आहेत. पण ही खाचरं विकत किंवा भाड्यानं घेता येतील अशी वस्तू आहे की नाही, हे त्या पत्रिकेत नसतं. ते पाहायला काही वर्षं या उतारावर काढावी लागतील. काढा. घाई नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं एक साधं वर्ष घ्या. पाऊस चांगला झालेला आहे. पहाटे तुम्ही बांधावर उभे आहात आणि पाटाच्या तोंडाशी एक आडवा ओंडका रोवलेला दिसतो. त्यात खाचा कोरल्या आहेत, एक रुंद, दोन अरुंद. पाणी त्या खाचांतून आपोआप वाटलं जातं. कुणी घड्याळ लावून बसलेला नाही, कुणी राखणीला नाही. कुणाला किती खाच मिळायची ते सभेत ठरलं आहे आणि ताडपत्रावर लिहिलेल्या नियमांत नोंदलं आहे. या नियमांना अवीग-अवीग म्हणतात. रात्री कुणी खाचेत दगड सरकवला तर दंड किती, तेही त्यात आहे.

जिथे पाणी शेतात शिरतं तिथे छोटं देऊळ आहे. बंधाऱ्यापाशी त्याहून मोठं. वर डोंगरात, बातुकारूच्या जंगलात, सगळ्यांचं मोठं देऊळ. पाण्याची जितकी वळणं, तितकी देवळं. आणि जेवढी माणसं एका वळणाचं पाणी पितात तेवढीच त्या देवळाला वर्गणी देतात. नुसती भाविकता म्हणून याकडे पाहिलंत तर अर्धंच दिसेल. देवळाच्या पूजेला जे जमतात तेच पूजेनंतर बसून ठरवतात की यंदा नांगर कधी घालायचा, आवण कधी टाकायचं, खालच्या सुबाकानं किती आठवडे थांबायचं. देऊळ हेच त्यांचं पाटबंधारे खातं.

लावणी होते. जानेवारीत खोचलेली रोपं फेब्रुवारीत हिरवी होतात आणि मग वाढतच राहतात, तुमच्या छातीपर्यंत. हे बालीचं जुनं लाल भात आहे. त्याला पाच-सहा महिने लागतात आणि कुणी त्याला घाई करत नाही. भात पोटरीला आलं की गावात हलक्या आवाजात बोलतात, कारण देवी श्री आता गर्भार आहे. तिला आंबटचिंबट फळांचा नैवेद्य दाखवतात. आपल्याकडे डोहाळजेवण असतं, ते तुम्हाला इथे बांधावर भेटतं.

कापणीला बायका उतरतात. हातात विळा नाही. तळहातात मावेल एवढं पातं आहे, आनी-आनी नावाचं, बोटांच्या आड लपलेलं. एकेक लोंबी तोडायची, म्हणजे देवीला पातं दिसत नाही आणि ती भीत नाही. तुम्ही त्यांच्या मागून चाला. दिवसभरात एका बाईच्या हातून किती कमी क्षेत्र होतं ते पाहा, आणि मग हेही पाहा की त्या एकाच रांगेतल्या पिकलेल्या आणि न पिकलेल्या लोंब्या वेगळ्या करतात, बियाण्याच्या जाड लोंब्या बाजूला ठेवतात. बियाण्याची निवड ही अशी रोज, हातानं, शेकडो वर्षं झालेली आहे. पेंढ्या बांधून खांबांवर उभ्या असलेल्या कोठारात जातात. मळणी लगेच नाही. लागेल तसं उखळात घालायचं.

शेत रिकामं झालं की त्यात पाणी सोडून बदकं सोडतात. सकाळी एक पोरगा टोकाला चिंधी बांधलेली काठी चिखलात रोवून निघून जातो, आणि बदकं दिवसभर त्या काठीच्या आसपास गोगलगाई, अळ्या, सांडलेले दाणे टिपत राहतात. आणि इथे या सगळ्या रचनेचं मर्म आहे, म्हणून थोडं थांबा. एकट्या तुमचं शेत मोकळं राहिलं तर उंदीर आणि किडे शेजाऱ्याच्या उभ्या पिकात जातील आणि तुमचं पीक आलं की परततील. डोंगराची एक अख्खी बाजू एकदम मोकळी, एकदम पाण्याखाली राहिली, तर त्यांना जायला जागा उरत नाही. कीड उपाशी मरते. पण सगळ्यांनी एकाच आठवड्यात लावणी केली तर सगळ्यांना एकाच वेळी पाणी हवं, आणि तेवढं पाणी नदीत नाही. म्हणजे दोन भीती आहेत, एक किडीची आणि एक दुष्काळाची, आणि त्या एकमेकींच्या उलट ओढतात. पाणी वरच्या शेतकऱ्याच्या हातात आहे. त्यानं खालच्याला काय म्हणून द्यावं? कारण खालच्याला वेळेवर पाणी मिळालं नाही तर तो उशिरा लावेल, आणि त्याच्या शेतात पोसलेली कीड वर चढेल. वरच्याचा हात पाण्यावर आहे तसा खालच्याचा हात किडीवर आहे. या दोन हातांच्या तोलावर सुबाक उभा आहे. मला ही माणसांनी माणसांशी केलेल्या करारांतली एक फार मोठी गोष्ट वाटते.

सप्टेंबर १९०६. खाली किनाऱ्याकडून तोफांचा आवाज येतो. २० तारखेला देनपासारला बादुंगचं राजघराणं पांढऱ्या वस्त्रांत, दागिने घालून डच बंदुकांसमोर चालत गेलं आणि मेलं. त्यानंतर काही दिवसांतच तबानानचा राजा बोलणी करायला गेला, कैदेत पडला, आणि त्यानं व त्याच्या मुलानं तिथेच जीव दिला. तुमच्या उतारावर त्या आठवड्यात काही बदललेलं दिसत नाही. पाणी खाचेतून पडतंच आहे. पण लवकरच मोजणीच्या साखळ्या येतात, खाचरांचे नकाशे होतात, सारा रोख भरायला सांगितलं जातं, आणि रस्त्यांवर सक्तीची बिगार सुरू होते. पाणीवाटपाच्या वहीला आता कराची वही जोडली जाते.

पुढची पावलं भराभर टाका. २० नोव्हेंबर १९४६, डोंगराखाली मार्गा गावाच्या शेतांत स्वातंत्र्यसेनानी गुस्ती न्गुराह राय आणि त्यांचे साथी डच फौजेशी लढून मारले जातात, एकूण ९६ जण. तुम्ही ज्या विमानतळावर उतरता त्याला त्यांचं नाव आहे. १७ मार्च १९६३, पूर्वेकडचा आगुंग ज्वालामुखी फुटतो, हजाराहून अधिक माणसं मरतात, आकाश करडं होतं.

१९६५ मात्र भराभर ओलांडू नका. १९६०च्या मूळ जमीन कायद्यानं कुणी किती जमीन बाळगायची याला मर्यादा घातली होती. कुळांनी आपला वाटा मागायला सुरुवात केली, मोठ्या जमीनदारांनी ती अडवली, आणि दोन्ही बाजूंना पक्ष उभे राहिले. जाकार्तातल्या उठावानंतर, १९६५च्या डिसेंबरात, लष्कराच्या पाठबळानं बालीत कत्तल सुरू झाली. मेलेल्यांचा अंदाज ऐंशी हजारांच्या आसपास केला जातो, म्हणजे बेटावरच्या वीसांतला एक माणूस. तबानान हा सर्वांत जास्त होरपळलेल्या भागांपैकी होता. तुम्ही बांधावरून चालत जाता आणि घरांची दारं बंद दिसतात. ज्यांनी जमीन मागितली होती ती माणसं नाहीशी झालेली आहेत. जमिनीच्या कागदावर कुणाचं नाव आहे हा इथे नुसता कज्ज्याचा विषय नाही; पुष्कळ घरांत त्याच्यामागे एक न बोललेलं मरण आहे. पुढे कधी तुम्ही एखाद्या घराच्या ओसरीवर बसून सातबाऱ्यासारखा कागद मागाल, तेव्हा हे ठाऊक असलेलं बरं.

मग नवं बियाणं येतं. १९७०चं दशक आहे. सरकारी बिमास योजनेचा माणूस पोती घेऊन गावात उतरतो. फिलिपिन्सच्या संशोधन केंद्रात तयार झालेलं बुटकं भात, सोबत युरिया, सोबत औषधाचे डबे, सोबत कर्ज. लवकर येणारं पीक, वर्षात जास्त पिकं. देशाला धान्य हवं होतं, भुकेची आठवण ताजी होती, त्यामुळे या योजनेच्या हेतूवर मला बोट ठेवायचं नाही. पण तुम्ही शेतात उभे आहात, म्हणून शेतातून पाहा. सुबाकांना सांगण्यात आलं की ज्याला जेव्हा जमेल तेव्हा त्यानं लावावं, देवळाच्या तारखेची वाट पाहू नये.

पहिली काही पिकं भरघोस आली. मग एका खाचरात लावणी, शेजारी कापणी, पलीकडे पोटरी, असं अख्ख्या डोंगरावर कायम कुठेतरी हिरवं राहू लागलं. किडीला वर्षभर जेवण मिळालं. तपकिरी तुडतुडे आले. त्यांना तोंड देणारी जात आणली तर तिच्यावर टुंग्रो रोग आला. फवारणी वाढली तशी बेडूक, मासे, तुडतुडे खाणारे कोळी मेले, आणि तुडतुडे वाढले. नव्या भाताचा दाणा सहज गळतो, म्हणून आनी-आनी गेली, विळा आला, मळणी शेतातच होऊ लागली, आणि कोठारं ओस पडली. बायकांच्या हातातलं काम गेलं, बियाणं निवडण्याचं काम तर पूर्णच गेलं. ते आता पोत्यातून येत होतं. खाली किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट होत होती, जी पुष्कळ नंतर ध्यानात आली. ज्वालामुखीच्या दगडावरून येणारं पाणी स्वतःच फॉस्फरस आणि पोटॅश घेऊन येतं. वरून टाकलेलं बरंचसं खत पिकाला लागलंच नाही, ते नद्यांतून वाहत प्रवाळांपर्यंत गेलं.

याच सुमारास, १९७९ला, आशियाई विकास बँकेच्या कर्जातून बालीत सिंचनाचा मोठा प्रकल्प सुरू झाला. नवे बंधारे, नवी दारं. अभियंत्यांच्या आराखड्यात नद्या होत्या, देवळं नव्हती. शेतकरी पाटबंधारे खात्याला पुन्हा पुन्हा सांगत होते की तारखा देवळाच्या हाती परत द्या. स्टीफन लॅन्सिंग हे अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ त्यांचं ऐकत होते. त्यांनी परिसंस्थांचे अभ्यासक जेम्स क्रेमर यांच्याबरोबर गियान्यारकडच्या ऊस आणि पेतानू या दोन नद्यांवरच्या १७२ सुबाकांचं संगणकी प्रारूप बनवलं. प्रत्येकानं स्वतंत्र लावलं तर काय, सगळ्यांनी एकदम लावलं तर काय, मधल्या मधल्या गटांनी लावलं तर काय, हे त्यात तपासून पाहिलं. सर्वांत चांगलं उत्पन्न येत होतं ते जवळपास त्याच गटांनी मिळून लावल्यावर, जे गट देवळांनी शतकांपूर्वी पाडलेले होते. बँकेच्या नंतरच्या मूल्यमापनानंही मान्य केलं की जुन्या व्यवस्थेकडे दुर्लक्ष महागात पडलं. १९८६मध्ये इंडोनेशियाच्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानं भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी आली.

जातिलुविहनं त्या सगळ्या धुमश्चक्रीत लाल भात पुरतं सोडलं नाही. आजही वर्षाचं पहिलं पीक जुन्या भाताचं, जानेवारी ते जुलैच्या आसपास. दुसरं, कमी दिवसांचं, नव्या जातीचं. हे गावानं सरकारशी भांडून आणि आपसांत ठरवून मिळवलेलं आहे. तुम्ही बांधावर विकत घेता ती लाल तांदळाची पुडी, भाजलेल्या लाल तांदळाचा गरम चहा, यांच्यामागे तो हट्ट आहे.

२०१२. युनेस्कोच्या यादीत बालीच्या सुबाकांचा प्रदेश जागतिक वारसा म्हणून नोंदला जातो. यादीत नुसती खाचरं नाहीत. बातूर सरोवर आहे, त्याचं देऊळ आहे, मेंगवीचं तामान आयुन हे देऊळ आहे, पाकेरिसान नदीचं खोरं आहे आणि बातुकारूच्या उताराचा हा सगळा भाग आहे. वारसा ठरला तो देऊळ, डोंगर, पाणी आणि सभा यांच्यातला संबंध. २०२४ला जागतिक पर्यटन संघटनेनं जातिलुविहला उत्तम पर्यटन गावांमध्ये निवडलं. आता तुम्ही आजच्या दिवसात पोचला आहात. तिकीटघर आहे, गाड्या आहेत, बांधावरून चालायच्या आखलेल्या वाटा आहेत, खाचरांकडे तोंड केलेली उपाहारगृहं आहेत.

पाहायला आला असाल तर मार्चमध्ये हिरवं मिळेल, जूनच्या शेवटी पिवळं. पहाटे या; दुपारनंतर ढग उतरतात. बांधाच्या कडेला पाय देऊ नका, कारण तो ओला मातीचा बांध फुटला तर खालच्या चार घरांचं पाणी जातं. गावातल्या घरी मुक्काम करा. देवळात जायचं तर कमरेला वस्त्र आणि वर कटिबंध. रात्री पाटाच्या बाजूनं चाला. पाणी ऐकू येतं.

पैसे घालायला आला असाल तर बसा. परदेशी माणसाला इंडोनेशियात जमिनीची पूर्ण मालकी मिळत नाही. ती १९६०च्या त्याच कायद्यानं फक्त नागरिकांना राखलेली आहे. भाडेपट्टा, वापराचा हक्क, कंपनीच्या नावानं बांधकामाचा हक्क, एवढ्याच वाटा आहेत. एखाद्या नागरिकाच्या नावावर घेऊन ठेवा असं सुचवणारा मध्यस्थ भेटेल. त्याला नमस्कार करा आणि उठा. पण कायद्याच्या आधी आणखी एक गोष्ट आहे. ज्या दृश्यासाठी तुम्ही खिडकी बांधणार, ते दृश्य दरवर्षी कुणीतरी गुडघाभर चिखलात उभं राहून पुन्हा तयार करतं. त्या माणसाला भातातून फार थोडं मिळतं. त्याची मुलं दक्षिणेतल्या हॉटेलांत नोकरीला आहेत. खाचराच्या कडेला त्यानं स्वतः चहाची टपरी टाकली तर ती संरक्षित पट्ट्यात येते. २०२५च्या डिसेंबरात अशी काही बांधकामं प्रशासनानं बंद केली, तेव्हा शेतकऱ्यांनी निषेध म्हणून हिरव्या पिकात पत्रे उभे केले. जग जे पाहायला येतं तेच झाकून टाकलं. मला दोन्ही बाजू दिसतात. खाचरांत काँक्रीट येऊ नये हे खरं. पण वारशाचा सगळा भार चिखलातल्या माणसानं उचलायचा आणि मिळकत दुसरीकडे जायची, हे चालणार नाही, हेही तितकंच खरं.

म्हणून इथे पैसा कुठे लागतो ते विचारा. बोगदे जुने झालेत, काही ठिकाणी ढासळतात, त्यांची दुरुस्ती. लाल भाताची गिरणी आणि साठवण, म्हणजे शेतकऱ्याला कापणीच्याच आठवड्यात विकावं लागणार नाही. राहायची सोय गावातल्या उभ्या घरांतच. लाल तांदळाला असा दर, की एक पीक जुन्या भाताचं ठेवणं परवडावं. व्हिला बांधायचा विचार असेल तर तो खाचरांत नको. आणि खाचरांबाहेर असला तरी त्याला पाणी लागतंच.

त्यासाठी सुबाकाच्या सभेत जावं लागेल. जातिलुविहचा सुबाक सात तुकड्यांचा आहे, प्रत्येक तुकडीचा पाट वेगळा. ओसरीवर सगळे मांडी घालून बसतात. दहा खाचरांचा मालक आणि एका खाचराचा मालक, दोघांचं मत एकच. ब्राह्मण असो की शूद्र, सभेत सगळे एकमेकांशी आदराच्या भाषेत बोलतात. मध्ये पेकासेह आहेत, सुबाकाचे निवडलेले प्रमुख. २०१२च्या प्रांतिक नियमानं सुबाकाला कायद्याची ओळख दिली आहे, पण त्या ओसरीवर ते सांगायची गरज पडत नाही. तुम्हाला कॉफी मिळेल. मग प्रश्न येतील. तुमच्या न्हाणीघराचं पाणी कुठल्या पाटात उतरणार? तुमची विहीर कुणाच्या झऱ्यावर आहे? बंधाऱ्याचा गाळ काढायच्या दिवशी तुमच्याकडून कोण येणार? देवळाच्या उत्सवाची वर्गणी पट्टा संपेपर्यंत देणार की पहिल्या वर्षीच? खालच्या तुकडीला विचारलंत का?

उत्तरं तयार ठेवून जा, आणि खालच्या तुकडीला आधी भेटा.